पहिला फ्रेंच केक दह्याचाच करा

ताई, सुरुवात दह्याच्या केकनेच करा. फ्रान्समध्ये लहान मुलंही हा केक शिकतात, कारण वजनकाटा लागत नाही. तिथल्या दह्याच्या 125 ग्रॅमच्या डबीनेच सगळं मोजतात: एक डबी दही, दोन साखर, तीन मैदा, अर्धी तेल, तीन अंडी आणि दोन छोटे चमचे बेकिंग पावडर. आपल्याकडे साधारण तेवढ्याच मापाची लहान वाटी चालेल, फक्त शेवटपर्यंत तीच ठेवा.

दही ताजंच हवं. मे महिन्यात नागपुरात सकाळी लावलेलं दही दुपारपर्यंत आंबट होतं, म्हणून विरजण लागलं की लगेच फ्रिजमध्ये टाका. मैदा घातल्यावर मात्र हात आवरा! जास्त फेटलं की केक चिवट होतो. पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. ओव्हन आधी तापवून 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं, आणि अर्ध्या तासाआधी दार उघडू नका.

संत्र्याच्या दिवसांत साल किसून नक्की घाला, फक्त वरची केशरी. पांढरा भाग कडू लागतो.

लोण्याचा कात्र-कार, म्हणजे लोणी, साखर, मैदा आणि अंडी समान वजनात घेऊन केलेला फ्रेंच केक, थंडीसाठी ठेवा. त्यात लोणी मऊ हवं, वितळलेलं नव्हे, आणि आपल्या उन्हाळ्यात ते सांभाळणं फार कठीण.