विचारा, कर्नलसाहेब

प्रश्न : मी कादंबरी लिहितोय. नायक 1966 चा जन्म, साताऱ्याकडचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतला. कारगिलला तो जनरल असतो, स्वतः पुढे होऊन शिखर घेतो, परमवीर चक्र मिळवतो. 2024 साली पलटणीची दोरी खांद्याला लावून बेळगावला जातो. काही चुकलंय का? – एक वाचक, कराड

उत्तर : बरंच चुकलंय. पण माणूस उभा राहिलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

1999 मध्ये तेहतिशीचा अधिकारी मेजर असतो. त्याला मेजरच करा, शिखर चढायला तोच लागतो. जनरल नकाशा, तोफा आणि रसद बघतो. परमवीर चक्र मिळालेल्यांत सर्वांत वरच्या हुद्द्याचे लेफ्टनंट कर्नल तारापोर, तेही मरणोत्तर. मोठा मान हवाच असेल तर महावीर चक्र द्या. अलिबागच्या अरुणकुमार वैद्यांना ते दोनदा मिळालं, 1965 आणि 1971 ला. सेनाप्रमुख ते 1983 मध्ये झाले.

आता पुढची शिडी. मेजर, लेफ्टनंट कर्नल इथपर्यंत माणूस वर्षं मोजत पोचतो. कर्नलपासून निवड मंडळ बसतं, आणि तिथे एकाच कोर्सचे (अकादमीतल्या एकाच तुकडीचे) मित्र वेगळे होतात. मी कर्नलवर थांबलो, चोपन्नाव्या वर्षी घरी. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा पुढे गेला. आजही फोनवर तो मला शिव्याच देतो, पण लग्नकार्यात लोक त्याच्यासाठी खुर्ची आणतात आणि मी आपली मी शोधतो. हे तुमच्या कादंबरीत कुठेच नाही! नायकाचा एक मित्र मागे राहू द्या.

लष्करात चार तारे, म्हणजे पूर्ण जनरलचा हुद्दा, फक्त सेनाप्रमुखांना आणि सीडीएसना (तिन्ही दलांचे संरक्षण दल प्रमुख). त्यामुळे तुमचे साहेब 2024 मध्ये लेफ्टनंट जनरल. निवृत्ती साठाव्या वर्षी, म्हणजे हिशेब बसतो. बोलताना त्यांनाही ‘जनरल साहेब’च म्हणतात.

राहिली दोरी, म्हणजे पलटणीची ओळख सांगणारी खांद्यावरची लॅनयार्ड. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडिअर आणि त्यावरच्या सगळ्यांचा गणवेश एकसारखा झाला. टोपी, पट्टा, खांद्यावरच्या खुणा समान, आणि दोरी अजिबात नाही. कुठल्या पलटणीचा, हे कपड्यांवरून कळू नये हाच हेतू. तेव्हा तुमचा प्रसंग उलटा करा. साहेब बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रावर, उतरतात, खांदा रिकामा. पस्तीस वर्षं ज्या दोरीला बोटाने चाचपायची सवय, तिथे बोट जातं आणि परत येतं. समोर सुभेदार मेजर साहेब उभे, त्यांच्या खांद्यावर ती आहे. दोघांनाही दिसतं, कुणी बोलत नाही. मग बडाखान्यात (अधिकारी-जवानांच्या एकत्र जेवणात) एखादा म्हातारा गणपत (आमच्या मराठा जवानांना लाडाने हेच म्हणतात) विचारतो, ‘साहेब, मटण तिखट झालंय का?’

आणि बाईसाहेबांना नुसतं पार्टीत उभं करू नका. आमच्या घरी काळी लोखंडी ट्रंक आहे. दर बदलीला जुना पत्ता रंगाने झाकून त्यावर नवा लिहायचा. उन्हात तिरपी धरली की खालचे दोन-तीन पत्ते उमटून दिसतात. ते लिहिलेत सगळे हिने, कारण मी तोवर पुढच्या ठाण्यावर पोचलेलो असायचो.