वाचकांचे प्रश्न : खोलीचे भाडे भरल्यावर इंटरनेटचे वेगळे पैसे का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी परिसरातील एका रिसॉर्टमध्ये आम्ही सहकुटुंब उतरलो होतो. निघताना बिलात वायफायचे दोनशे रुपये वेगळे लावलेले दिसले. बुकिंगच्या वेळी याचा उल्लेखही नव्हता. हे योग्य आहे का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : पाहुण्यांना इंटरनेट फुकट द्यावे असे बंधन कायद्यात नाही, मात्र आधी न सांगता बिलात रक्कम घालणे आम्हाला सर्वस्वी गैर वाटते. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात मोबाईलची रेंज अनेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे घरच्यांना खुशाली कळवायची किंवा यूपीआयने बिल भागवायचे तरी पाहुण्याला रिसॉर्टच्याच वायफायवर विसंबावे लागते, आणि अशा अडचणीच्या जागी पैसे आकारणे म्हणजे अडवणूकच होय. आडबाजूला जोडणी नेण्याचा खर्च मोठा असतो, हे मालकांचे म्हणणे खरे आहे. पण तो खर्च पाण्या-विजेप्रमाणे खोलीच्या भाड्यात धरावा आणि वेगळाच घ्यायचा असेल तर दरपत्रकावर ठळक छापावा.

बिल व बुकिंगचा संदेश जपून ठेवा आणि प्रथम व्यवस्थापकाकडे लेखी परतावा मागा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपल्यासाठी तो बेळगावचा आयोग होय.