किशोरीताई ‘कळल्या’ का, हे कुणाला विचारू नकोस

भावा, शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकरांबद्दल ‘तुला किशोरीताई कळल्याच नाहीत’ असं कुणी मैफलीनंतर सुनावलं म्हणून ऐकणं सोडू नकोस. मलाही नवीन असताना असंच ऐकवलं होतं. वर्षभर दाद द्यायलाही घाबरायचो. ते वर्ष वाया गेलं, याचं अजून वाईट वाटतं.

सध्या एवढंच कर:

- एकच राग धर. ताईंचा भूप घे, पंधरा दिवस रोज तोच ऐक. पाचच स्वर आहेत, कानात बसतात.
- आलाप, म्हणजे सुरुवातीचा संथ स्वरविस्तार, ओलांडून पुढं पळू नकोस. घाई इथंच होते.
- मग मागं जा. ताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर, आणि केसरबाई केरकर, यांचं गाणं ऐक. दोघींचे गुरू अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या पदरी, म्हणजे आपल्याच कोल्हापुरात होते.

नवखे ऐकण्याआधीच बाजू घेतात. ‘मोगूबाई मोठ्या की केसरबाई’ हा वाद रंकाळ्यावर रात्रभर चालेल, गाणं मात्र राहून जाईल. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच, मग फरक कशात, हे आत्ता नको. तालाच्या मात्रा मोजणंही नको.

पुढच्या मैफलीला लवकर जाऊन पुढं बस. अंगावर काटा आला, की मोकळेपणानं दाद दे.