सासूबाईंच्या लुगड्यातून बाळाची झबली

प्रश्न : सासूबाईंचं सुती नऊवारी पेटीत जपून ठेवलंय. लेकीला सातवा महिना लागलाय. कुठेकुठे विरलेल्या या लुगड्यातून बाळासाठी झबली निघतील का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, अवश्य शिवा. कोऱ्या कापडापेक्षा वर्षानुवर्षं धुतलेलं सूत बाळाच्या अंगाला मऊ लागतं. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा. मग दारात उभं राहून लुगडं उजेडासमोर धरा. बसण्याच्या जागी, काष्ट्याला ते जाळीसारखं दिसेल, तेवढं सोडा.

माझ्या नातवाचं पहिलं झबलं मी आईच्या लुगड्यातून शिवलं, साताऱ्यात, ऐन आषाढात. हौसेनं गळ्याला जरीचा काठ लावला आणि दोन तासांत पोराची मान लालेलाल! रात्रीच बसून सगळा काठ उसवला. जर बाळाच्या अंगाला लागू देऊच नका.

गळ्याला त्याच कापडाची तिरकी पट्टी लावा. सरळ पट्टी गोलाईवर नीट वळत नाही, चुण्या पडतात. मशीनला ११ नंबरची सुई घाला. जाड सुईनं जुनं सूत फाटतं. शिवणी बाहेरच्या बाजूला राहू द्या, आतून टोचायला नकोत. बटणं नकोतच. बंद लावा, पण वीतभरापेक्षा लांब नाही, आणि पुढून; पाठीवर गाठ रुतते.

विरलेले तुकडे टाकू नका हं. दुपट्याच्या आतल्या थराला ते छान चालतात. थर मात्र दोनच घ्या, म्हणजे पावसाळ्यात दुपटं लवकर वाळेल.