तुर्की शिकू द्या, पण पदवी इतिहासाची घ्या

ताई, नमस्कार. पत्र नीट वाचलं. लेक अकोल्यात बारावी आर्ट्सला, तुर्की सिरीयल बघत बघत भाषा कानावर बसली आणि आता म्हणते पदवीला तुर्की भाषा, इतिहास, संस्कृती हेच घेणार, जमलं तर थेट इस्तंबूलला जाऊन. बाबा म्हणतात त्यानं पोट भरणार आहे का, त्यातून त्या देशाशी आपलं बिनसलेलं, आणि तुम्ही दोघांच्या मधे.

माझं मत आधी सांगून टाकतो. तुर्की शिकू दे, पण पदवी इतिहासात करू दे आणि तिकडं जायचंच असेल तर एमएला, आत्ता नको.

सिरीयलमुळे नाद लागला म्हणून तिला हसू नका, कोरियनवाल्या कित्येक पोरी अशाच आल्यात. पण ऐकून कळणं वेगळं आणि लिहिता-वाचता येणं वेगळं. वाक्य आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी, आणि तो-ती-ते ही भानगडच नाही. डोकं खातात ते प्रत्यय. एव्ह म्हणजे घर, एव्हलेर घरं, एव्हलेरिमिझ आमची घरं, एव्हलेरिमिझदे आमच्या घरांमधे, आणि वर हे प्रत्यय आधीच्या स्वराप्रमाणे रूप बदलतात, किताप म्हणजे पुस्तक असेल तर लेर नाही, लार. युनुस एमरे इन्स्टिट्यूट या तुर्की भाषा-संस्कृतीच्या संस्थेचं शिकायचं पोर्टल ऑनलाइन फुकट आहे, दोन-तीन महिने रोज तासभर त्यावर बसवा. भाषेची आवड आहे का हिरोची, तिचं तिलाच कळेल.

आता इतिहास का म्हणतोय. १९२८ साली आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्कनं लिपी बदलली, अरबी जाऊन रोमन आली, त्यामुळं त्याआधीचा उस्मानी, म्हणजे ऑटोमन साम्राज्याच्या काळातला कागद आज शिकल्या-सवरल्या तुर्क माणसालाही वाचता येत नाही, वेगळा अभ्यास करावा लागतो. आपल्याकडं मोडीचं झालं तेच, पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी आहेत आणि वाचणारे मोजके. इस्तंबूलच्या कागिथाने भागात उस्मानी दफ्तरखाना आहे, कोट्यवधी कागद, त्यातही रोजच्या पत्रव्यवहाराची रिका लिपी निराळी आणि जमाखर्चाची सियाकत निराळी, ती तर भल्याभल्यांना रडवते. हे वाचायला तुर्कीसोबत फारसी-अरबी शब्द पाहिजेत. म्हणजे पदवी करताना तिनं फारसी धरली तर ती इकडं मराठ्यांच्या आणि दख्खनच्या इतिहासालाही कामाला येते, वाया काहीच जात नाही. विजापूरची मुलूख-मैदान तोफ १५४९ ला अहमदनगरात ओतली, ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी, उस्मानी मुलखातून आलेला. आणि तुमच्या वऱ्हाडाचंच घ्या ना, उस्मानी घराण्यातला शेवटचा खलिफा अब्दुलमजीद, त्याची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ ला निजामाच्या थोरल्या मुलाला दिली आणि त्याला पुढं प्रिन्स ऑफ बेरार किताब मिळाला, म्हणजे खलिफाची लेक वऱ्हाडची युवराज्ञी! हे बाबांना जेवताना सांगून बघा.

नुसती भाषाच करायची असं तिनं ठरवलंच तर दिल्लीच्या जामिया मिलियात तुर्कीचं बीए ऑनर्स आहे, सीयुईटी या विद्यापीठ प्रवेश परीक्षेचं त्या वर्षीचं माहितीपत्रक बघून फॉर्म भरा. पण नोकरीचं खरं सांगतो, जर्मन-जपानीला पुण्यात जशा कंपन्या आहेत तसं तुर्कीला नाही. भाषांतर, सबटायटल, कस्टमर सपोर्ट, टुरिझम, एक्स्पोर्टवाले, एवढाच पसारा, आणि साधं भाषांतर तर आता मशीनच करतंय. इतिहासाचं बीए असलं की एमपीएससी, बीएड, एमए सगळे रस्ते उघडे राहतात आणि तुर्की त्यावर चढवलेला दागिना होतो, एकट्या दागिन्यावर संसार नाही चालत.

बिनसल्याचं म्हणाल तर हो, मे २०२५ मधे ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली आणि इकडं जेएनयू, जामिया, आयआयटी मुंबई यांनी तिकडच्या संस्थांशी असलेले करार थांबवले, पुण्याच्या मार्केट यार्डात तर व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदंच घेणं बंद केलं. त्यामुळं इथल्या कॉलेजातून काही महिने तिकडं पाठवणाऱ्या एक्स्चेंजच्या भरवशावर बसू नका. पण भांडण झालं म्हणून तिथली भाषा जाणणारी माणसं नकोशी होतात असं नाही, उलट जास्त लागतात, चिनीचं बघा.

तुर्किये बुर्सलारी नावाची सरकारी स्कॉलरशिप आहे, अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. फी, हॉस्टेल, दरमहा पैसे, विमा, विमानाचं भाडं आणि पहिलं वर्ष भाषेचं, सगळं त्यात. पदवीला वय २१ च्या आत लागतं पण एमएला ३० च्या आत चालतं, म्हणून म्हणतो घाई कशाला. दरमहा मिळतं ते लिरात, आणि ऑक्टोबर २०२२ मधे तिथली महागाई सरकारी आकड्यानुसारच ८५ टक्क्यांवर गेली होती, तेव्हा घरून थोडे पैसे पाठवायची तयारी ठेवाच. आणि हो, हा अर्ज फुकट असतो, स्कॉलरशिप लावून देतो म्हणत पैसे मागणारा एजंट भेटला तर चहासुद्धा पाजू नका.

पुढचं पत्र तिलाच लिहू दे. तुर्कांच्या इतिहासातला कुठला काळ तिला वाचायचाय आणि का, हे चार ओळींत लिहायचं, सिरीयलचं नाव न घेता. त्यावरून फारसी आधी धरायची का तुर्की ते ठरवू.