टाके विरघळले तरी जड का वाटतं?

प्रश्न : अंग बाहेर येत होतं म्हणून नऊ आठवड्यांपूर्वी खालच्या बाजूने पिशवी काढली, योनीच्या पुढच्या-मागच्या भिंतीही शिवून घेतल्या. अजून पिवळसर पाणी जातं, कधी रक्ताचा डाग पडतो, संध्याकाळी खाली जड वाटतं. ऑपरेशन फसलं का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. आतले टाके विरघळणारे असले तरी सगळे एका वेळी जात नाहीत. काही धागे दोन महिन्यांत विरतात, काहींना सहा महिने लागतात. तोवर थोडं पाणी जातं, क्वचित धाग्याचा तुकडाही पडतो. टाक्यांच्या रेषेवर लालसर, दाणेदार मांस वाढलं असेल तर ते जरा लागलं तरी रक्त येतं. तपासणीच्या टेबलावरच डॉक्टर त्यावर सिल्व्हर नायट्रेट (असं मांस जाळून टाकणारं रसायन) लावतात, बहुतेक वेळा भूल लागत नाही. मात्र घाण वास, ताप, तासाला पॅड भिजेल एवढा रक्तस्राव किंवा नकळत सतत झिरपणारी लघवी, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. लघवी झिरपणं म्हणजे मूत्राशय किंवा मूत्रवाहिनी आणि योनी यांच्यामध्ये वाट पडलेली असू शकते.

जडपणाचं कारण बहुधा दिवसभराचा ताण. पहिले ६ आठवडे ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नसतं. पुढेही वजन हळूहळू वाढवा आणि उचलताना श्वास सोडा. नव्या शिवणीचा खरा शत्रू आहे बद्धकोष्ठ. शौचाला बसताना पायाखाली स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर राहू द्या, कुंथू नका.

ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम सर्जनने परवानगी दिल्यावर सुरू करा. गॅस अडवताना जे स्नायू आवळतो तेच आत आणि वर ओढायचे. सुरुवातीला ३-४ सेकंद, पुढे १० सेकंदांपर्यंत, तेवढीच विश्रांती. असं ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. इथे हमखास चूक होते : वर ओढण्याऐवजी बायका खाली ढकलतात, त्याने उलट नुकसान होतं. एकदा हातात आरसा धरून पाहा. योनी आणि गुदद्वारामधली जागा आत गेली पाहिजे. बाहेर फुगत असेल तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. लघवी मध्येच अडवून हा व्यायाम करू नका.

प्रश्न : अशाच ऑपरेशनला चार महिने झाले. संबंधाच्या वेळी आग होते, आत जायलाच अडतं. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : विचारा. ही तक्रार त्यांना नवीन नाही. कारण तीनपैकी एक असू शकतं, किंवा तिन्ही. पाळी गेल्यावरचा कोरडेपणा असेल तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देतात, साधारण दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा (स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही). योनीच्या तोंडाशी मागच्या बाजूला बोटाला ताठ पट्टा लागत असेल, तर शिवण घट्ट झाली आहे. तिथे मालीश किंवा डायलेटर (योनी हळूहळू सैल करण्यासाठी आत घालायची गुळगुळीत कांडी, लहान-मोठ्या आकारांत मिळते), आणि त्यानेही भागलं नाही तर छोटी दुरुस्ती. तिसरं म्हणजे दुखण्याच्या धास्तीने स्नायूच आवळून बसतात. अशा वेळी वर सांगितलेला आवळण्याचा व्यायाम करू नका, आधी सैल सोडायला शिका.

डायलेटर वापरताना सर्वांत लहान आकारापासून सुरुवात करा. पाण्यात विरघळणारं जेल लावा, गुडघे मोडून उताणं झोपा, श्वास सोडताना पाठीच्या दिशेने हलकेच सरकवा. ५ ते १० मिनिटं पुरतात. जोर लावून पुढचा आकार गाठायची घाई नको.

प्रश्न : अंग बाहेर येऊ नये म्हणून आत बसवतात त्या कृत्रिम जाळीबद्दल वाईट ऐकलं आहे. मला जाळी सुचवली आहे, घेऊ का?

उत्तर : जाळी कुठून बसवणार, ते आधी विचारा. अंग बाहेर येण्यावर उपाय म्हणून योनीतून बसवल्या जाणाऱ्या जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. योनीच्या भिंतीतून जाळी उघडी पडणं आणि सततच्या वेदना हे त्यांचे ठळक त्रास होते. पोटातून किंवा दुर्बिणीने योनीचं वरचं टोक माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला बांधण्यासाठी वापरतात ती जाळी त्या आदेशात नव्हती. तिचेही धोके आहेत, पण हिशेब वेगळा. स्वतःच्या ऊतींनी दुरुस्ती आणि रिंग पेसरी (ऑपरेशनशिवाय अंग वर धरण्यासाठी योनीत बसवायची कडी), हे दोन पर्याय तुमच्या बाबतीत का नकोत, तेही विचारून घ्या.