सेवानिधी येण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. अग्निवीर म्हणून तुझी निवड झाली, गावभर पेढे वाटून झाले. आता चार वर्षांनंतरचं बोलू. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना फौजेत कायम करतात. बाकीचे बाहेर पडतात आणि त्यांना पेन्शन नसते. तू पहिल्यांत असावास असंच मला वाटतं, पण तयारी दुसऱ्यांतली ठेव.

तुझी बारावी झाली आहे, त्यामुळे इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी तुला नोकरीतच करता येईल. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हाच ही तीन वर्षांची पदवी जाहीर झाली. निम्मे क्रेडिट फौजेत घेतलेल्या प्रशिक्षणाचे धरतात. उरलेले निम्मे मात्र पुस्तक उघडल्याशिवाय मिळत नाहीत. पोरं इथेच ढिली पडतात, पदवी आपोआप मिळणार असं समजून बसतात. इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा विषय घेतलास तर १२० तास, म्हणजे रोज तासभर धरला तरी चार महिने. रात्रीची गार्ड ड्युटी लागली की तो तासही निसटतो, म्हणून असाइनमेंट शेवटच्या तारखेवर ठेवू नकोस. परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात, रजा मागताना ते ध्यानात ठेव. विषय आवडीचा घे. मला विचारशील तर अर्थशास्त्र किंवा लोकप्रशासन, पुढे स्पर्धा परीक्षेलाही कामी येईल.

आता पैशाचं. पहिल्या वर्षी ३०,००० पगारातले २१,००० हातात येतील, ९,००० सेवानिधीत जातील आणि सरकार तेवढेच घालेल. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख, तेही करमुक्त. ही रक्कम एकदम येते, आणि ती यायच्या आधीच घरात तिच्या वाटण्या झालेल्या असतात: स्लॅब, बहिणीचं लग्न, ट्रॅक्टर. कुणाचंच चुकत नाही रे. पण एमए, बीएड, जे काही पुढे शिकशील, त्याचे दोन लाख आजच वेगळे धर आणि ट्रेनिंगला जाण्याआधी वडिलांच्या कानावर घाल. तुला संकोच वाटत असेल तर मी येऊन बोलतो. रविवारी घरी आहेत का, तेवढं कळव.

तुझा,
काका